कापडी पागेतलं मरण

१

देवाची घोडी आडवी पडली होती आणि तिच्या तोंडच्या फेसावर माश्या घोंगावत होत्या. पाय ताठलेले, पोट तटतटून फुगलेलं, कपाळावरचा भंडारा घामात कालवून पिवळा चिखल झालेला. भोवती जत्रेतली माणसं कोंडाळं करून उभी. त्यातला एक जण कागदातली भजी खात खात वाकून बघत होता. कस्तुराबाईला मेल्या जनावरापेक्षा त्याच्या तेलकट बोटांची जास्त किळस आली.

"आदी गिळून घे, मंग बघ," ती त्याला म्हणाली. "घोडी आता कुटं जायची न्हाई."

तो मागं सरला. त्याच्याबरोबर सगळंच कोंडाळं सरलं.

पालमच्या अलीकडं गोदावरीच्या काठाला खंडोबाचं ठाणं होतं. चैत्री पुनवेला तिथं जत्रा भरायची आणि पालखीच्या पुढं घोडी चालायची. घोडीचा मान कस्तुराबाईच्या सासऱ्यापासून त्या घराकडं. रीत अशी, की मानाची घोडी जत्रेत आली की पालखी निघेपर्यंत तिनं पक्क्या छपराखाली उभं राहायचं नाही. माळवद नाही, पत्रा नाही, नुसतं कापड. म्हणून दरसाल बांबू रोवून वर आणि तीन अंगांनी जाड दोसुती ताणायची. तिला म्हणायचं कापडी पागा. यंदाचं कापड कस्तुराबाईनं पूर्णेच्या बाजारात स्वतः चोळून बघून घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, बाई, घोडीला कशाला एवढं भारी? ती म्हणाली, तुझ्या अंगावर आहे त्याच्यापेक्षा माझ्या घोडीच्या डोक्यावर बरं पाहिजे.

पाखरी नाव घोडीचं. पांढरीफेक, वयानं पोक्त, स्वभावानं गरीब. खोड एकच. उभ्या उभ्या कापडाचा काठ तोंडात धरून चघळत राहायची, म्हातारी तंबाखू चघळते तशी.

पागेच्या बाहेर लिंबाच्या बुंध्याला पंडित बांधलेला होता, पाखरीच्याच दाव्यानं. पंडित घोडीचा राखणदार. त्याचा बाप छप्पन्न साली बौद्ध झाला तेव्हापासून त्या घरानं देवाचं काम सोडलेलं. कामाला लागताना पंडितनं सांगितलं होतं, घोडी संभाळीन, पण भंडारा लावून घेणार नाही. कस्तुराबाई म्हणाली होती, मला घोडीची मालिश पाहिजे, तुझं कपाळ नको. पण ते दिवस नामांतरावरून गावोगाव माणसं एकमेकांकडं तिरकं बघायची तसले होते, आणि पंडितचं कोरं कपाळ पुष्कळांच्या डोळ्यांत कुसळासारखं खुपत होतं.

देवळाचा गुरव आश्रुबा पुढं झाला. त्याच्या हातात पळसाच्या पानावर कणकेचा एक बसकट गोळा होता.

"काकू, हे बघा. इखाचा गोळा. ह्याच्या गठुड्यात घावला. अर्धा घोडीला चारला आन अर्धा ऱ्हायला."

"कुणाला घावला?"

"जावईबापूंना. तेच्यांनीच बांधलं ह्याला. पालमला पोलिसांची जीप आणायला माणूस गेलाय."

जावई माणिकराव समोरच उभा होता. कस्तुराबाईनं पदर पुढं ओढला.

मागून कुणीतरी म्हणालं, "जीप कशाला? ह्याची वस्ती ही काय, हाकेवर हाय." उसाच्या गाड्यावरनं काही टाळकी कांडकी घेऊनच आली होती. ऊस खायला आणला नव्हता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

कस्तुराबाई वळली. "घोडी माझी मेली. तुमचं काय मेलंय? जीप येईस्तोवर ह्याच्या न्हाईतर ह्याच्या वस्तीच्या अंगाला जेचा हात लागंल, तेला मी वळखून ठेवीन. माझी वळख लय वाईट असती."

ऊस खाली आले. पण टाकले नाहीत कुणी.

पंडितनं मान वर केली. ओठ फुटलेला होता. "बाई, तो गोळा माझा न्हाई."

गठुडं मात्र त्याचंच होतं.

२

"काय चारलंस?" कस्तुराबाईनं पहिलं तेच विचारलं.

"कडबा. भिजीवलेले हरभरे. रोजचंच."

"आन हे?"

"बाई, आमच्या घरी गव्हाचं पीठ सणाला असतंय. घोडीला कुटून चारू?"

कस्तुराबाई दगडावर टेकली. उन्हं चढायला लागली होती. पागेतनं आंबूस वास यायला लागला होता आणि वासाबरोबर आणखी माणसं. शेण, फेस, भंडारा, बिड्या. तिनं पदर नाकाला लावला.

"काल काय काय केलंस ते सांग. माझ्याकडं बघून सांग, जमिनीकडं न्हाई."

"दुपारी गंगेवर नेलं तिला. धुतलं. माघारी आलो तर मावळतीच्या अंगाचं कापड न्हाई. तितं तरट लावलेलं, पोती शिवून. म्या म्हनलं, उन्हाचं म्हून तुमीच धाडलं असंल. तरट वल्लं केलं की आत गार ऱ्हातंय. म्हून पाणी मारलं. दिवस बुडताना परत मारलं."

"मी न्हाई धाडलं."

"मंग मला म्हाईत न्हाई, बाई."

"हे आदी का बोलला न्हाईस?"

पंडित हसला. फुटल्या ओठानं हसू धड आलं नाही. "सकाळधरनं सगळे काय चारलं, काय चारलं म्हून इचारायलेत. कापडाचं कुणी इचारलंच न्हाई."

कस्तुराबाईनं मान वळवून पागेकडं बघितलं. वर दोसुती, दोन अंगांना दोसुती. मावळतीला मळकट पोती, सुतळीनं वेडीवाकडी टाचलेली. घोडीला बघायला एवढी जत्रा लोटली, आणि पागेची एक भिंत चोरीला गेलेली कुणाला दिसली नव्हती. तिला स्वतःलाही नाही, याचा तिला जास्त राग आला.

म्हणजे घोडी मारणारा एक आणि कापड नेणारा दुसरा? का दोघं एकच?

३

आबासाहेबांच्या तळावर त्यांचा अबलख घोडा सजून उभा होता. गोंडे, झूल, कपाळावर आरसा. आबासाहेब मिशीला तूप लावत बसले होते. घोडीचा मान आपल्याकडं यावा म्हणून त्यांच्या बापानं जन्म घालवला आणि आता ते स्वतःचा घालवत होते.

"वाईट झालं, वैनी," ते म्हणाले. "पर पालखी काय थांबत न्हाई. माझा घोडा तयार हाय."

"दिसतंय. कवा सजीवला?"

"पहाटं."

"घोडी पडली दिवस उगवल्यावर. तुमाला काय सपान पडलं व्हतं?"

आबासाहेबांनी मिशीवरचा हात काढला. "खोटं कशाला बोलू? दरसाल सजवतो. दरसाल वाटतं, यंदा तुमची घोडी लंगडंल, यंदा ताप येईल. सा-सात वर्सं झाली. घोड्याला बी सवय झालीय."

कस्तुराबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तूप मिशीवरनं ओघळून ओठाशी आलं होतं आणि ते जिभेनं टिपत होते. किळसवाणा माणूस. पण एवढं नागडं बोलणारा माणूस विष घालत नाही. विष घालणारा आधी येऊन डोळे पुसतो.

परतताना तिला वाटेत आश्रुबा गाठ पडला. पंडित जावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला एक हाच.

"आश्रुबा, काल पागेत कितीदा गेलास?"

"मी? एकदा बी न्हाई. मी भायेरनंच भंडारा टाकतो."

"का रं?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "आता तुमी जानतासा, काकू. तितं ते बसतंय, झोपतंय. मी आत गेलो तर मला परत आंघोळ करावी लागती. काल मी एकदाच केली आंघोळ, सगळ्या पुजाऱ्यांनी बघितलंय."

"आन आज गोळा हातात घिऊन नाचायलास तो?"

"पानावर हाय की. हात कुटं लावला म्या?"

कस्तुराबाई बाजूला थुंकली. त्याच्या मनातली घाण आज त्याच्या कामी आली होती. जो माणूस शिवाशिवीला भिऊन पागेत पाऊल टाकत नाही, तो पंडितच्या गठुड्यात हात घालणार नाही. आणि कापड सोडायचं तर पागेत शिरावंच लागतं.

मग उरलं कोण? सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. तेवढ्यात तिची लेक गीता शोधत आली. "माय, चल. दोन घास खा. सगळे तिकडंच बसलेत."

४

माणिकरावानं नदीच्या अंगाला आपला तळ टाकला होता. आडव्या बैलगाडीला धरून कापडाचा मांडव, आत गादी, गादीवर पत्ते आणि पत्त्यांभोवती त्याचे दोस्त. पांघरुणाखाली बाटली झाकलेली, पण वास कुठं झाकतो? दोस्तांनी पाय आवरले, पत्ते आवरले नाहीत.

त्या घरची एक रीत होती. सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही. पदर पुढं घ्यायचा आणि लेकीच्या तोंडून बोलायचं. गीताच्या लग्नापासून कस्तुराबाईनं माणिकरावाशी एक शब्द सरळ काढला नव्हता. जगात कुणालाही काहीही विचारणारी बाई इथं येऊन मुकी व्हायची.

गीतानं पितळीत लाडू ठेवले. कस्तुराबाईनं एक मोडला आणि परत ठेवला.

"ह्यात बडीशेप घातलीस."

"आमच्या सासरी घालत्यात, माय. तुला किती डाव सांगितलं."

"घालू द्या. लाडू हाय का पानाचा इडा? आख्ख्या तालुक्यात कुणी गव्हाच्या लाडवात बडीशेप घालत न्हाई." मग पदराआडून म्हणाली, "इचार तेंना, गोळा कसा घावला."

माणिकराव हाताच्या अंतरावर बसला होता. तो गीताकडं बघून म्हणाला, "सांग तुज्या मायला, मी दिवस उगवताना घोडीला बघाया गेलो. ती तडफडायली व्हती. राखणदार पाणी आणाया पळालेला. मी गठुडं सोडलं तर गोळा."

"इचार, घोडी मरायली असताना मानूस घोडीकडं बघतंय का गठुड्याकडं?"

एक दोस्त फिसकन हसला. माणिकरावाचे कान लाल झाले. डोळे मात्र त्याचे ओलेच होते, सकाळपासून तो पुसतच होता. "सांग तुज्या मायला, जावयाला असं इचारत नसत्यात. तिच्या घोडीपाई मी रडायलोय आन ती माझीच झडती घ्यायली."

गीताचा चेहरा पांढरा पडला. दोघांच्या मधी बसून ती निरोप्यासारखी इकडं तिकडं मान वळवत होती, आणि त्या मानेकडं बघून कस्तुराबाईनं पुढचा प्रश्न गिळला. ती उठली. उठताना तिचा पदर मांडवाच्या काठात अडकला. तिनं ओढून सोडवला. काठाचे दोरे सुटून लोंबत होते, वाळल्या लाळेसारखे कडक, चिकट. पदराला घोड्याचा वास लागला.

"शी," ती म्हणाली आणि झटकत बाहेर आली.

बाहेर ओरडा झाला. पालमच्या रस्त्यावर धुरळा दिसला होता. उसाची कांडकी पुन्हा वर झाली होती. पंडितला जीपच्या हवाली करायच्या आधी लोकांना त्याच्यावर आपला हात साफ करून घ्यायचा होता.

५

ती आली आणि सरळ पंडितच्या पुढं, लिंबाला पाठ लावून उभी राहिली. आता पंडितला हात लावायचा तर आधी म्हातारीला लावावा लागला असता. पोरं थबकली.

उभ्या उभ्या तिला माश्याच माश्या दिसत होत्या. घोडीच्या डोळ्यात माश्या, नाकात माश्या, शेणावर, भजीवाल्याच्या कागदावर, पंडितच्या फुटल्या ओठावर. हात बांधलेले, त्याला हाकलताही येत नव्हत्या. तिनं पदरानं हाकलल्या. त्या उडून आश्रुबाच्या पानावर, त्या गोळ्यावर जाऊन बसल्या.

कस्तुराबाई गोळ्याकडं बघत राहिली. माश्या त्यावर पाय चोळत होत्या. बुडाला मुंग्यांची रांग लागली होती. कण तोंडात धरून मुंग्या पानावरनं आश्रुबाच्या मनगटावर आणि तिथून कोपराकडं निघाल्या होत्या. भल्या धडधाकट.

मग तिनं मान वळवली. पागा सगळी माश्यांनी काळी होती. वरचं कापड काळं, दोन्ही अंगं काळी. फक्त मावळतीच्या तरटावर एक माशी नव्हती.

ती आत गेली. मेल्या घोडीला वळसा घालून तरटापाशी वाकली. घोडीच्या तोंडाच्या उंचीला पोत्याचा एक पट्टा चाटून चाटून गुळगुळीत झाला होता. एरवी काठ चघळणारी पाखरी चैत्राच्या उन्हात ओलं, गार तरट चाटत राहिली होती. आणि त्याच्या खाली, जिथं तरट जमिनीला टेकत होतं, तिथं मुठीमुठीनं मेलेल्या माश्या पडल्या होत्या. पोत्याचा वास घ्यायला तिनं नाक नेलं आणि लगेच मागं घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. हा वास तिला माहीत होता. कपाशीवर औषध फवारायच्या दिवसांत तो शेतावरनं घरापर्यंत यायचा आणि जेवणाला लागायचा.

घोडी कशानं मेली ते कळलं. कुणामुळं, ते तिला अजून नको होतं. नको होतं म्हणूनच ते समोर येऊन उभं राहिलं. तिनं पदराचा मघाशी अडकलेला कोपरा हातात घेतला. त्याला चिकटलेले, पाखरीनं चघळलेले दोरे बोटांत धरून चोळले.

जीप येऊन थांबली.

६

फौजदार उतरला, रुमालानं नाक धरलं. आश्रुबानं पान पुढं केलं. "साहेब, इखाचा गोळा. ह्यानं..."

कस्तुराबाईनं पानावरनं गोळा उचलला, मुंग्यांसकट. फुंकर मारली, त्यातल्या काही उडाल्या. उरलेल्यांसकट तिनं घास तोडला आणि तोंडात घातला.

"माय," गीता किंचाळली.

कस्तुराबाई चावत राहिली. घोडीच्या पागेतली धूळ, आश्रुबाच्या पानाचा कडूपणा, मुंग्यांचा आंबटपणा. तरी ती चावत राहिली, कारण त्या सगळ्याच्या खाली जे असेल असं तिला वाटत होतं ते तिला दाताखाली पाहिजे होतं. ते आलं. तिनं गिळलं.

"साहेब, इख असतं तर ह्या मुंग्या चालल्या नसत्या," ती म्हणाली. "गोळ्यात काय न्हाई. गूळ हाय, तूप हाय. आन बडीशेप हाय. पंडितच्या घरी लाडू व्हत न्हाईत. आन ह्या जत्रेत लाडवाला बडीशेप एकाच चुलीवर घालत्यात."

गीतानं तोंडावर हात घेतला.

कस्तुराबाईनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. पांढरे केस उघडे पडले. बायका कुजबुजल्या. लग्नापासून पहिल्यांदा तिनं जावयाच्या डोळ्यांत बघितलं.

"माणिकराव, या इकडं. ह्या पोत्याला जीभ लावा."

माणिकराव जागचा हलला नाही.

"मी गोळा खाल्ला न्हवं? तुमी निस्तं पोतं चाटायचंय. पोत्यात काय असतंय? ज्वारी असती, मीठ असतं. चाटा."

"मामी, उगं..."

"चाटा म्हनते."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले, जणू पोतं त्याच्या अंगावर उडी मारणार होतं. "मला काय म्हाईत ती पोतं चाटंल म्हून? डबा गळला व्हता तेच्यात, लय दिसांचा, मला वाटलं वाळलंय..."

डब्याचं कुणी बोललं नव्हतं. फौजदारानं नाकावरचा रुमाल काढला.

बाकीचं कस्तुराबाईनं सांगितलं, कारण माणिकरावाला आता गीताच्या तोंडूनही बोलता येईना. काल दुपारी त्याला पत्त्यांच्या डावाला सावली पाहिजे होती. पंडित घोडी घेऊन नदीवर गेला होता. जावयानं सासुरवाडीचं कापड नेलं तर विचारणार कोण? त्यानं मावळतीचं कापड सोडलं आणि गाडीत औषध फवारायच्या पंपाखाली अंथरलेली पोती टाचून दिली. सकाळी येऊन बघतो तर घोडी तडफडत होती. पोतं ओळखलं. हाताला लागला तो लाडू कुस्करून पंडितच्या गठुड्यात कोंबला.

"मला घोडी मारायची नव्हती," माणिकराव म्हणाला. "चूक झाली."

"घोडी मेली ती चूक," कस्तुराबाई म्हणाली. "मानूस बांधला ती चूक न्हाई."

फौजदारानं शिपायाला खूण केली. शिपाई पंडितला सोडायला वाकला.

"थांबा," पंडित म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा निघाला. "ज्यानं बांधलं तेनं सोडावं."

आश्रुबा तोंड उघडणार होता, कस्तुराबाईनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं ते मिटलं.

माणिकरावाला गुडघ्यावर बसावं लागलं. गाठ त्यानंच मारलेली, रागानं आवळलेली. नखं मोडत होती. दावं पाखरीच्या लाळेनं आणि फेसानं घट्ट वाळलेलं. गाठ सुटेना. शेवटी त्यानं दात लावले. जत्रा बघत होती. भजीवालाही खायचा थांबला होता.

दावं गळून पडलं. पंडितनं मनगटं चोळली, गठुडं उचललं, उलटं करून झटकलं. लाडवाचा चुरा मातीत पडला.

कस्तुराबाईला वाटलं, आता हा पाया पडेल. तिनं तेवढ्यापुरती नजर दुसरीकडं वळवलीही.

"दुसरा मानूस बघा, बाई," पंडित म्हणाला.

"का रं? सोडवलं की तुला."

"तुमी बी आदी तेच इचारलं. काय चारलंस."

तो नदीच्या वाटेनं वस्तीकडं गेला. वाटेत उसाची कांडकी घेतलेली पोरं होती, ती बाजूला झाली. ओरडून काही सांगायचं तर तो अजून हाकेच्या अंतरावर होता.

माणिकरावाला जीपमध्ये बसवलं. आबासाहेबांचा घोडा गोंडे हलवत पालखीपुढं उभा राहिला. कस्तुराबाईनं तिकडं बघितलं नाही. यंदाचा मान तिच्या घरानं आपल्या हातानं मातीत घातला होता. ती जावयाच्या तळावर गेली आणि मांडवाचं कापड एका हिसक्यात ओढलं. बांबू पडले. पत्ते, बाटल्या, उष्ट्या पितळ्या उन्हात उघड्या पडल्या. दोस्त कधीच पळाले होते. गीता चुलीपाशी डोक्याला हात लावून बसली होती.

"ऊठ," कस्तुराबाई म्हणाली. "हे एक टोक धर."

मायलेकींनी कापड पागेत आणलं आणि पाखरीवर घातलं. चघळलेला काठ बरोबर तिच्या तोंडाशी आला. खड्डा खणणाऱ्यांना कस्तुराबाईनं सांगितलं, कापडासकट पुरा.

पालखी गेली. भंडारा उडाला, पागेवरही थोडा पडला. कस्तुराबाईनं तांब्या उचलून चूळ भरली. थुंकली. परत भरली, परत थुंकली. बडीशेपेचा वास तोंडातनं जाईना.